चाळीसातले सदतीस

धुकं इतकं दाट होतं की कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला ओळखलं ते सायकलच्या खडखडाटावरून. "या कानसेन! मडगार्ड आधी पोचलं, तुम्ही मागून," तो म्हणाला. कानसेननं नुसती मान हलवली. सकाळी त्याला थट्टेला वेळ नसे, आणि हवा अशी ओली असली की त्याचं काम दुप्पट व्हायचं.

चाचणीची खोली तळमजल्याच्या पार टोकाला. आत शिरताच त्यानं भिंतीवरचा ओलाव्याचा काटा पाहिला, नाक मुरडलं आणि हवा कोरडी करणारं यंत्र सुरू केलं. चपला दाराशी काढल्या, जमिनीशी जोडलेला पट्टा मनगटाला बांधला आणि मग टेबलावरच्या तिन्ही पेट्यांची बटणं एकामागून एक दाबली. पेट्या तासभर तापल्याशिवाय खरं बोलत नाहीत, असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. तो तास तो फडक्यानं टेबल पुसण्यात, तारा सरळ करण्यात आणि आल्यागेल्यावर खेकसण्यात घालवायचा.

कारखान्यात विजेचे स्विच व्हायचे. भिंतीवर असतात तसले नव्हेत. मोठ्या यंत्रांच्या पोटात बसून क्षणात करंट सोडायचा आणि क्षणात अडवायचा, असले. कुणी नखाएवढे, कुणी तळहाताएवढे. कामगार त्यांना नुसतं 'नग' म्हणत. बाहेर जाण्याआधी प्रत्येक नग कानसेनच्या टेबलावरून जायचा. तिथं तीन पेट्या एकीवर एक रचलेल्या, पाठीमागून तारांनी बांधलेल्या. खोलीत त्यांना 'जावा' म्हणत. थोरली जाऊ नगाचं दार उघडायची, मधली त्या दारातून करंट लोटायची, धाकटी नग किती तापला ते टिपायची. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. करंट जास्त वेळ सोडला तर चांगला नगही भाजून निघतो, म्हणून नुसता एक छोटा झटका द्यायचा. त्याला पल्स म्हणतात. थोरलीच्या पाठीतून एक बारीक तार इतर दोघींकडे जायची. त्या तारेतून थोरली इशारा करायची, ट्रिगर, की तिघींनी एकदमच आपापलं काम करायचं. तिघींचं टायमिंग जमलं तरच मोजमाप खरं. नाही जमलं तर तीन जावा एका स्वयंपाकघरात असल्यावर जे होतं ते.

टायमिंग जमलंय की नाही हे कानसेन कानानं ओळखायचा. त्याचं नाव पडलं ते यातूनच.

तास भरला की तो बोट वर करायचा. बोट वर गेलं की खोली चिडीचूप. पंखा बंद, ढकलगाडी जागच्या जागी थांबलेली, फोनवरची बाई तळव्यानं रिसीव्हर झाकून बसलेली. मग तो बटण दाबायचा. पेट्यांच्या आतून आवाज यायचा, टक्. एकच आला तर बोट खाली आणि दिवस सुरू. 'ट-टक्' असा फुटका आला तर तो पेट्यांच्या आकड्यांत शिरायचा, कुणाला हजाराव्या हिश्श्यानं मागं ढकल, कुणाला पुढं ओढ, असं करत बसायचा, एकच टक् येईपर्यंत. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक माणसाच्या कानाला कळतो यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नसे. साहेब पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. "आमच्याकडे यंत्र कमी आहे, पण कान आहे," म्हणायचे, आणि कानसेन त्या दिवशी घरी जाताना सायकल जरा ऐटीत चालवायचा.

तीस वर्षं तो हे करत होता. त्या कानापायी त्याचा मेहुणा नोकरीतून गेला होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. त्याला कारखान्यात चिकटवला होता तो कानसेननंच. पोराच्या हाताला वळण असं होतं की दोन वर्षांत तो वरच्या मजल्यावर जाड नगांच्या टेबलावर बसला. जाड नगात चिप तांब्याच्या पट्टीवर डाखानं, म्हणजे वितळवलेल्या कथलानं, बसवावी लागते. डाख पातळ झाला, आत एखादा बुडबुडा राहिला, की नगातली उष्णता बाहेर निघत नाही आणि तो तापतो. मेहुण्याचा डाख आरशासारखा यायचा. लोक म्हणायचे, याच्या बोटांना डोळे आहेत.

मग सहा वर्षांपूर्वी जुन्या पेट्या गोदामात गेल्या आणि या नव्या जावा आल्या. त्यानंतर जाड नग नापास व्हायला लागले. महिन्याला एखाददुसरा, मग चार, मग आठ. शेरा एकच: तापतो. तापतो म्हणजे डाख कच्चा, आणि जाड नगांचं टेबल एकच. बारीक नगांना काही होत नव्हतं, त्यामुळे शंकेलाही जागा उरली नाही. दोन वर्षं कुरबुर चालली. शेवटी साहेबांनी चाचणीच्या खोलीतच सगळ्यांना उभं केलं. मेहुणा हातात ट्रे घेऊन आला, त्यात नापास झालेले चाळीस नग.

"एकदा दुसऱ्या कुठल्या पेट्यांवर लावून बघा," तो म्हणाला. "एवढंच माझं म्हणणं. माझे हात मला माहीत आहेत, आणि..."

सगळे कानसेनकडे बघायला लागले. कानसेननं बोट वर केलं. खोली गप्प झाली. त्यानं बटण दाबलं. टक्.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "तिघी एका दमात बोलतात. पेट्यांत खोट नाही. खोट हातात आहे."

आठवड्यात मेहुण्याचा हिशोब मिटला. चाळीस नगांवर लाल कागद चिकटवून ते पुरावा म्हणून कपाटात गेले. आणि कानसेनचं वजन वाढलं. सख्ख्या मेहुण्याचीही भीड ठेवली नाही, असं लोक कौतुकानं सांगायला लागले. हे ऐकताना त्याला वाईट वाटायचं, पण त्या वाईट वाटण्यालाही एक चव होती. घरी बायकोनं भावाला दारातच उभं केलं. "तुझ्यासाठी यांनी शब्द टाकला होता रे! हाताचं काम तरी नीट करायचं होतंस," असं म्हणाली. तो उंबऱ्याबाहेरूनच परत फिरला. त्याला आता चार वर्षं झाली. भाऊ-बहीण एका गावात राहून एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

त्या धुक्याच्या दिवशी पेट्या बनवणाऱ्या कंपनीची सर्व्हिसवाली बाई आली. तिच्या आधी कुणीकुणी येऊन गेले होते. ते प्रत्येक पेटी सुटी करून तपासायचे, प्रत्येकीचं मोजमाप चोख यायचं, आणि ते शिक्का मारून जायचे. ही पस्तिशीची, केस आवळून बांधलेली, कमी बोलणारी. तिनं पेट्या सुट्या केल्याच नाहीत. एक छोटा पडदा असलेलं यंत्र काढलं, स्कोप, त्याच्या दोन तारा थोरलीला आणि मधलीला लावल्या, आणि बटण दाबून पडद्याकडे बघत राहिली. पुन्हा दाबलं. कपाळाला आठी घातली.

"काका, थोरलीत हा दोन मिलिसेकंदांचा डिले कुणी घातलाय?"

"मी."

"कशासाठी?"

"त्याशिवाय टक् एक होत नाही."

"कुठला टक्?"

कानसेननं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं छप्पर कुठे असतं असं विचारलं. त्यानं बोट वर केलं. खोली गप्प झाली. टक्. "हा," तो म्हणाला.

बाईनं क्षणभर ओठ चावला. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. डॉक्टर उभ्यानं सांगायचं सोडून खाली बसतात तशातली गत.

"काका, हा टक् म्हणजे आतल्या रिलेचा आवाज. नुसती कडी काढल्याचा. पल्स त्याच्यानंतर जातो, आणि तो मुकाट जातो. त्याला आवाजच नाही."

"जुन्या पेट्यांत..."

"जुन्या पेट्यांत रिलेच पल्स द्यायचा. टक् म्हणजेच पल्स. तिथं तुमचा कान बरोबर होता. खरंच सांगते, अगदी बरोबर होता."

ती समजूत घालत होती. ते त्याला जास्त लागलं.

"या मधलीचा रिले जरा सुस्त आहे," ती पुढं म्हणाली. "म्हणून तिचा टक् उशिरा यायचा, पल्स मात्र वेळेवरच जायचा. तुम्ही थोरलीला दोन मिलिसेकंद मागं ओढलंत. टक् जुळला. पण टक्‌बरोबर थोरलीचा पल्सही मागं गेला ना. हे बघा."

पडद्यावर दोन उंचवटे होते. शेजारी शेजारी नव्हते. आधी मधलीचा, मग थोरलीचा. आधी गर्दी लोटली होती, मग दार उघडलं होतं. सहा वर्षं.

तिनं डिले पुसून शून्य केला आणि बटण दाबलं. आवाज आला तो फुटका, 'ट-टक्'. आणि पडद्यावर दोन्ही उंचवटे खांद्याला खांदा लावून उभे. फोनवरची बाई लांबून म्हणाली, "अगंबाई, आज तर नीट लागलंच नाही की!"

"दार उशिरा उघडलं तर नगाला काय होतं?" कानसेननं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

"अर्धवट उघडलेल्या दारातून घुसतो ना करंट, मग तापतो नग. बारीक नगाला काही वाटायचं नाही. जाड नगाला जाणवेल." ती तारा गुंडाळत होती. "बघणाऱ्याला वाटेल, डाख कच्चा आहे. तुमच्याकडे जाड नग होतात का?"

"होतात," कानसेन म्हणाला. "यंत्रावर होतात. आता. तेही तापतात, आम्ही यंत्राला नावं ठेवतो."

बाई गेली. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्यानं कपाट उघडलं. तो ट्रे सगळ्यात खाली होता. नगांवरचे लाल कागद वाळून कडेनं उचलले होते. त्यानं पहिला नग खोबणीत बसवला आणि बटण दाबलं. धाकटीवर हिरवा दिवा. पास. दुसरा. पास. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक हिरव्या दिव्याला त्याला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं होत होतं. अकरावा नापास झाला तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची नंतर इतकी शरम वाटली, की तो नग त्यानं पालथा घालून बाजूला ठेवला. मग पुन्हा सुरू केलं. चाळीसातले सदतीस पास. तीन खरोखरच कच्चे होते. एवढे कच्चे कुणाच्याही हातून व्हायचे.

ट्रे घेऊन तो साहेबांकडे गेला. साहेब तेच होते, चार वर्षांपूर्वीचेच, फक्त चष्मा बदललेला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"बाईंनी दुरुस्त केलं ना पण?"

"केलं."

"मग झालं तर. आजपासून नग बरोबर तपासले जातील. चांगलीच गोष्ट आहे ही."

"साहेब, त्याला काढलं होतं आपण. याच चाळीस नगांवरून."

"ते टेबलच आता नाही, कानसेन. तिथं यंत्र बसलंय. कुणाला बोलावू, कुठं बसवू?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि त्या कागदावर सही कुणाची आहे, आठवतं ना? माझी दुसरी. पहिली तुमची. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कशाला मढं उकरता?"

"त्याला कळवायला नको?"

"कंपनी म्हणून काही कळवता येणार नाही. तुम्ही घरचे आहात. तुमचं तुम्ही बघा."

ट्रे कपाटात ठेवून तो बाहेर पडला तेव्हा धुकं विरलं होतं आणि उन्हात सगळं नको इतकं स्पष्ट दिसत होतं. सायकलवर बसल्याबसल्या त्याच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो त्यानं चांगला दोन चौक जाईपर्यंत हुसकला नाही. बाईचा अहवाल 'डिले दुरुस्त केला' एवढंच म्हणणार. साहेब बोलणार नाहीत. खोलीतल्या कुणाला दोन आणि दोन जुळवायचं कारण नाही. मेहुण्याला कच्चा म्हणून विसरलेलं जग तसंच विसरलेलं राहील. गप्प बसायचं, एवढंच. आणि गप्प बसायची सवय तर त्यानं अख्ख्या खोलीला लावली होती.

तिसऱ्या चौकात तो सायकलवरून उतरला आणि घरापर्यंत ती हातानं ढकलत गेला.

बायको स्वयंपाकघराच्या ओट्याशी बटाटे सोलत होती. त्यानं चपला न काढताच सांगितलं. तिला पेट्यांतलं कळत नव्हतं, पण शेवट कळायला वेळ लागला नाही. सुरी हातात तशीच राहिली.

"म्हणजे त्याचा हात चांगला होता."

"होता."

"आणि मी त्याला दारात काय बोलले ते..."

"माझ्या शब्दावर बोललीस."

"तुमच्या शब्दावर!" ती एकदम उसळली. "अहो, माझ्या पाठीला पाठ लावून आलेला तो. तुमच्यापेक्षा मला माहीत होते त्याचे हात. लहानपणी माझी तुटलेली बाहुली त्यानं अशी जोडली होती की सांधा सापडत नव्हता. मला माहीत होतं. आणि तरी मी तुमच्या कानावर विश्वास ठेवला." तिनं सुरी ओट्यावर टाकली. "का, तर लोक वाहवा करत होते. मलाही बरं वाटत होतं. त्याचं तोंड दारातनं मागं वळलं तेव्हासुद्धा मला बरं वाटत होतं, तुमची बाजू घेतल्याचं."

तो वाकून चपला काढायला लागला.

"जा तुम्ही. सांगा त्याला."

"तू पण चल ना."

"कुठल्या तोंडानं?" ती म्हणाली, आणि उरलेले बटाटे तसेच टाकून आत गेली.

मेहुणा इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होता. दुसऱ्या दिवशी कानसेननं अर्धी रजा टाकली आणि दुपारी तिथं गेला. मोठमोठे पिंप गरगरत होते, वाफेनं भिंती घामेजल्या होत्या, आणि मधल्या लांब टेबलापाशी मेहुणा एका थोराड बाईच्या मदतीनं चादरी घडी करत होता. दोघं चार टोकं धरून समोरासमोर यायचे, मागं जायचे, पुन्हा यायचे. मेहुण्याचे केस कानाशी पांढरे झाले होते. मनगटांवर वाफेचे जुने डाग.

"या दाजी," तो म्हणाला. घडी थांबवली नाही. "कोण वारलं?"

"कुणी नाही."

"मग वाट चुकलात."

ती थोराड बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "पाहुणे आलेत तर मी चहा घेऊन येते," म्हणाली आणि चादरीचं टोक टेबलावर ठेवून गेली. ती परत येणार नाही हे तिच्या चालीवरूनच कळत होतं.

कानसेननं सांगितलं. रिले, दोन मिलिसेकंद, दार आणि गर्दी, सगळं. आडपडदा ठेवला नाही. यंत्रांच्या आवाजात त्याला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, आणि आपलीच चूक अशी ओरडून सांगताना माणसाचं सोंग होतं.

मेहुण्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "किती?"

"चाळीसातले सदतीस."

"आणि तीन?"

"तीन कच्चेच होते. ते होतं कुणाच्याही..."

"तीन माझे," मेहुणा म्हणाला. "बरं झालं. अगदीच शून्य असते तर मी देव झालो असतो." तो हसला, पण ते हसू ओठांच्या कडेलाच सुकलं. "दाजी, तुम्हाला माहीत आहे मी चार वर्षं काय केलं? इथं जेवणाच्या सुट्टीत बसून हात बघितले. मला वाटायला लागलं, डोळे गेले असतील. थरथर सुरू झाली असेल, मला कळत नसेल. घरातला रेडिओ बिघडला तर तो मी दुकानात नेऊन देतो. मी! पोरगी म्हणते, बाबा, तुम्हाला येत होतं ना हे? म्हटलं, येत नव्हतं गं, उगाच वाटायचं."

"माझं चुकलं रे."

"ते तर दिसतंच आहे. चुकायला काय, मशीनही चुकते." त्यानं एक उशीचा अभ्रा उचलला, झटकला, पुन्हा झटकला. "मी एकच म्हणालो होतो. दुसऱ्या पेट्यांवर लावून बघा. दहा मिनिटांचं काम. तुम्ही बोट वर केलंत. मी बोलत होतो, दाजी. माझं वाक्य अर्धं होतं. आणि तुमच्या बोटाला सगळे गप्प बसले, मीसुद्धा बसलो. ते मला जास्त लागतं. मी का गप्प बसलो."

पिंपांतलं एक थांबलं आणि त्यातून पाणी खळखळत नाल्यात गेलं.

"तुझ्या बहिणीनं..."

"तिचं नाव काढू नका. तिला यायचं असेल तर पायांनी येईल."

"मी काय करू सांग."

मेहुण्यानं अभ्र्याची घडी घातली, ढिगावर ठेवली, ढीग हातानं दाबून सरळ केला.

"इथं सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "ही माणसं मला कधी वाईट म्हणालीच नाहीत. जिथं बोललात तिथं बोला. त्याच खोलीत, सगळ्यांसमोर, जशी खोट हातात आहे म्हणालात तसंच मोठ्यानं. मग आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल."

"बोलतो."

"बघू," मेहुणा म्हणाला आणि चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी आहे का म्हणून इकडंतिकडं पाहायला लागला. कानसेन पुढं झाला. मेहुण्यानं मान हलवली. "नको. तुम्हाला जमायचं नाही." त्यानं ती एकट्यानंच, हनुवटीखाली मधली कड दाबून धरून, घडी केली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला खोलीत नऊ माणसं होती. कानसेन उठून उभा राहिला. रात्रभर त्यानं शब्द जुळवले होते, पण तोंडातून आले ते वेगळेच.

"चार वर्षांपूर्वी याच जागी उभं राहून मी एका माणसाला खोटा ठरवला होता. जाड नगांच्या टेबलावरचा माझा मेहुणा. मी म्हणालो होतो, पेट्यांत खोट नाही, खोट हातात आहे. ते साफ चूक होतं. त्याचे नग चांगले होते. चाळीसातले सदतीस. खोट माझ्या कानात होती."

खोलीत शांतता पसरली. पण ती त्याला ओळखीची शांतता नव्हती. काय करावं ते माणसांना सुचत नाही तेव्हाची ती होती. त्यानं एकेक चेहरा पाहिला आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दाराजवळचे दोघं गेल्या वर्षी लागलेले. खिडकीपाशी बसलेल्या तिघी त्याच्या आधीच्या वर्षीच्या. वेष्टनाकडचा माणूस दुसऱ्या कारखान्यातून आलेला. त्या दिवशी या खोलीत जे उभे होते त्यांतले काही निवृत्त झाले, काही सोडून गेले, एक वारला. राहिली होती ती फोनवरची बाई आणि ढकलगाडीवाला.

"कोण मेहुणा?" खिडकीपाशी कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"होता एक," ढकलगाडीवाला म्हणाला. "उंच होता तो ना? का तो दुसरा?"

"तो ठेंगणा," फोनवरची बाई म्हणाली. "डबा नेहमी उशिरा खायचा. हो ना कानसेन?" तिला बिचारीला मदत करायची होती. "जाऊ द्या हो. इतकी वर्षं झाली. मनाला कशाला लावून घेता? तुम्ही आपले सरळ माणूस म्हणून सांगितलंत, दुसऱ्यानं नसतं सांगितलं."

दोघंतिघं हो हो म्हणाले. "खरंच, मोठं मन लागतं," वेष्टनाकडचा म्हणाला. कानसेनला ओरडावंसं वाटलं. त्याचं कौतुक करू नका, असं त्यांना सांगावं कसं ते त्याला कळेना. मेहुण्याला काढताना त्याचं कौतुक झालं होतं, आणि आता मेहुण्याला परत आणताना पुन्हा त्याचंच चाललं होतं, मेहुणा मात्र उंच की ठेंगणा यावर अडकला होता.

"चांगला होता त्याचा हात," तो पुन्हा म्हणाला. "लक्षात ठेवा. जाड नगाचा डाख त्याच्याइतका चांगला कुणी दिला नाही."

"ठेवू की," ढकलगाडीवाला म्हणाला आणि पेला विसळायला गेला. चहाची वेळ संपली होती. माणसं आपापल्या जागी गेली, कुणीतरी पंखा लावला, वरच्या मजल्यावरून नगांचा पहिला ट्रे खाली आला.

आज मेहुण्याकडे जाऊन सांगायचं की बोललो. तो विचारणार, कोण कोण होतं? मग त्याला काय सांगायचं, ते कानसेनला उमगत नव्हतं.

"काका, हे कुठं ठेवू?" खिडकीपाशीच्या तिघींपैकी एक ट्रे घेऊन उभी होती.

"डावीकडं ठेव. आणि दोन दोन उचलू नको, नगांचे पाय वाकतात."

खोबणीच्या पितळी दातांवर कालचा काळपट थर बसला होता. त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला आणि एकेक दात घासून पुसायला सुरुवात केली.